तोंड फिरवा

राजपालने हातातला खडू खिशात टाकला, डस्टर कीबोर्डवर आडवं धरलं आणि ऑफिसातल्या तिघांकडे पाहून म्हणाला,

"तोंड फिरवा."

क्लार्क जगदेवीअक्कांनी खुर्ची भिंतीकडे वळवली. टपाल घेऊन आलेला हावगेप्पा शिपाई कपाटाकडे तोंड करून उभा राहिला. मुख्याध्यापक अमृतप्पा सर चहा पीत होते. कप तसाच हातात धरून त्यांनी मान वळवली आणि समोरच्या कॅलेंडरवरच्या तिथी वाचायला घेतल्या. त्यांना त्या सालच्या बऱ्याचशा तिथी अशानेच पाठ झाल्या होत्या.

डस्टरखाली राजपालची बोटं चालू लागली. चौदा अक्षरं होती. बोटांना ती इतकी सवयीची होती की डोळे मोकळेच राहत, आणि मोकळे डोळे तो तिघांच्या मानांवर ठेवी. कुणाची मान तसूभर कलते का, ते बघायला.

"हावगेप्पा, कपाटाच्या काचेत बघायलास तू."

"काचेत माझंच तोंड दिसायलंय सर. तेबी धड न्हाई."

राजपालने एंटर दाबलं. कोपऱ्यातला प्रिंटर खाकरला आणि कागद आत ओढू लागला.

"झालं. वळा."

"नवी नवरीबी एवढा पडदा करत न्हाई, राजपाल," अमृतप्पा सर म्हणाले आणि गार झालेला चहा संपवला.

शाळा हुमनाबादच्या बाहेर, हैदराबादकडे जाणाऱ्या हायवेच्या कडेला होती. मराठी माध्यमाचं, संस्थेचं हायस्कूल. बेंगळूरच्या कुठल्याशा कंपनीने आपली वापरून झालेली पाच मशीनं शाळेला दिली होती, आणि देताना त्यांत लिनक्स घालून दिलं होतं, कारण ते फुकट मिळतं. राजपाल कॉम्प्युटर शिकवायचा, म्हणून मशीनंही त्याच्याच ताब्यात.

लिनक्सचा स्वभाव घरातल्या थोरल्या जावेसारखा. बघा, वाचा, छापा, ती काही बोलायची नाही. पण घरातली वस्तू इकडची तिकडे करायची म्हटली की पडद्यावर एक चौकट आणून मध्ये उभी राहायची. कोण तू? हे करायला तुला कुणी सांगितलं? पासवर्ड सांग. त्यातून मशीनांच्या पोटातले सेल मेलेले. वीज दिवसातून तीन-चार वेळा जायची, आणि परत आली की पाचही मशीनं सन दोन हजार दोनच्या एक जानेवारीला जाऊन बसलेली असायची. तारीख जागेवर आणायला पासवर्ड. प्रिंटर रुसला, पासवर्ड. कन्नडचा नवा फॉण्ट टाकायचा, पासवर्ड. विद्यार्थ्यांच्या रजिस्टरात कुणाचं नाव, कुणाची जन्मतारीख दुरुस्त करायची, पासवर्ड. एकदा घातला की मशीन पंधरा मिनिटं पुन्हा विचारत नसे, तेवढी तिची माणुसकी. राजपालने तीसुद्धा काढून टाकली होती.

असं पूर्वी नव्हतं. पहिल्या वर्षी पासवर्ड साऱ्यांना ठाऊक होता. अमृतप्पा सरांनी तर तो कॅलेंडरवर नागपंचमीच्या चौकोनात लिहून ठेवला होता. मग दहावीच्या सराव परीक्षेत एका मुलाचे गणितातले एकोणीस गुण मशीनमध्ये एकोणपन्नास झाले. कुणी केले ते शेवटपर्यंत कळलं नाही. संस्थेच्या मीटिंगमध्ये एका संचालकाने विचारलं, "मशीन कुणाच्या ताब्यात हाय?" आणि खोलीतली सगळी तोंडं एकदम राजपालकडे वळली. न बोलता कसं बघायचं, ते त्या लोकांना चांगलं येत होतं. दुसऱ्या दिवशी राजपालने पासवर्ड बदलला.

हे झालं लोकांत सांगायचं कारण. एक कारण त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्याचा बाप पिराजी संतपूरचा. राजपाल लहान असताना बापाबरोबर एकदा चावडीवर गेला होता, कसला तरी कागद आणायला. बाप पायरीखाली उभा राहिला. वरची माणसं वाईट काही बोलली नाहीत. फक्त बोलताना तोंड दुसरीकडे करून बोलत होती, कुणी रस्त्याकडे, कुणी लिंबाच्या झाडाकडे. बापाने त्या दिवशी जे काही विचारलं ते सगळं लोकांच्या कानशिलांना विचारलं. आता पिराजीचा पोरगा रोज वीस-बावीस वेळा "तोंड फिरवा" म्हणायचा आणि त्याच माणसांचे भाऊबंद तोंडं फिरवायचे. हसत फिरवायचे, थट्टा करत फिरवायचे, पण फिरवायचे. एवढ्या सुखात वाटेकरी कोण घेईल?

दिवाळीला मल्लेश आला. राजपालचाच जुना विद्यार्थी, हैदराबादला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागलेला. मिठाईचा डबा घेऊन ऑफिसात बसला आणि गंमत बघत राहिला.

"मीबी फिरवू काय सर तोंड?"

"फिरव. तू तर आधी फिरव."

मल्लेशने फिरवलं. चहा येईपर्यंत त्याला पाच वेळा फिरवावं लागलं. पाचव्या वेळी तो भिंतीकडेच बघून बोलला.

"सर, प्रिंटरला कशाला कुलूप? तारखेला कशाला? दोन ओळींचं काम हाय. आत्ता बसतो, तेवढी दोन कामं मोकळी करून देतो. मशीन त्यांच्यापायी तुमाला इचारणारच न्हाई. पासवर्ड नुसता रजिस्टरला ठिवा."

"म्हणजे प्रिंटरच्या वाटेनं कुणी आत शिरायला मोकळा."

"शिरंल एखादा. पण महिन्यातून एकदा चौकट आली की तुमी दचकून वाचाल. दिवसातून बावीस डाव आल्यावर कोण वाचतंय? आमच्या कंपनीतबी तसंच हुतंय. मशीन इचारत ऱ्हाती आन् बोटंच उत्तर देत्यात."

"माझी बोटं माझ्या ताब्यात हायत."

जगदेवीअक्का भिंतीकडूनच म्हणाल्या, "ऐका की सर पोराचं. माझी मान धरायलीय रोज."

"मानेला तेल लावा अक्का. वळा आता, झालं."

मल्लेश वळला. राजपालकडे नाही, पडद्याकडे बघितलं त्याने. तोवर चौकट मिटलेली होती. जाताना त्याने पुन्हा एकदा विषय काढला, राजपालने बर्फीचा तुकडा त्याच्या तोंडात घातला, आणि ते राहून गेलं.

चौकट वाचणारं माणूस शाळेत तसं एकच होतं. दहावीतली रूपा. बाकीची पोरं चौकट दिसली की "सर, मशीन बिघडली" म्हणून ओरडायची. रूपा खाली वाकून एकेक अक्षर लावायची, इंग्रजीला अडली तर वहीत उतरवून घ्यायची.

"सर, ही म्हणायलीय की तारीख बदलायचीय, तर तुमी कोण ते सांगा."

"मग सांग मी कोण."

"तुमी राजपाल सर. पण तिला तेवढं पुरत न्हाई."

तिच्या घराण्याची मंठाळकडे मेंढरं होती. आज्यानंतर ती गेली. बाप रेवणप्पा हायवेवर लॉऱ्या भरायच्या कामाला लागला आणि ढाब्यांच्या मागे पत्र्याच्या घरात राहायला आला. राजपालने तिच्या नावापुढे मनात बिदरचा डिप्लोमा लिहून ठेवला होता. फॉर्म कधी निघतात, हॉस्टेल कुणाच्या हातात, त्याने विचारूनसुद्धा ठेवलं होतं. तिला एकदा म्हणालाही होता, "दहावी नीट कर. पुढचं मी बघतो."

येळवसेच्या, म्हणजे शेतात जेवायच्या अमावस्येच्या, आदल्या दिवशी, मंगळवारी, शाळा अर्धीच भरली. ज्याला त्याला शेताकडे जायची घाई. राजपालला संतपूरला जायचं होतं. आई कोंडाबाईने आंबील करून ठेवते म्हणून दोनदा निरोप धाडला होता. बाराची बस चुकली असती तर थेट चारची. साडेअकराला वीज आली, मशीनं दोन हजार दोनला जाऊन बसली, ऑफिसात दाखले मागणाऱ्यांची गर्दी झाली, आणि प्रिंटर अडकला. जगदेवीअक्का काही ना काही सांगत होत्या. राजपाल पिशवी खांद्याला लावून आला, डस्टर धरलं.

"तोंड फिरवा. सगळे. बाहेरचेबी."

आठ-दहा माणसं एकदम भिंतीकडे वळली. कुणी फेटेवाला, कुणी पदर डोक्यावर घेतलेली. त्याला बरं वाटलं. तारखेला एकदा, प्रिंटरला एकदा, आणखी एकदा कशाला तरी. बाराला पाच कमी असताना तो स्टॅण्डवर पोचला आणि त्याला खिडकीची जागा मिळाली.

दहावीचे कॉम्प्युटरचे तास डिसेंबरात बंद होतात. त्यामुळे पुढचे अडीच महिने राजपालची आणि दहावीची गाठ पडली नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात हॉल तिकिटं आली. वाटायचं काम त्याच्याकडे होतं. एकेका पोराला बोलावून, फोटो ताडून, सही घेऊन त्याने ती वाटली. एक उरलं.

"अक्का, रूपा रेवणप्पा आली नाही?"

"ती कशाला येती?" जगदेवीअक्का टाचण्या वेचत होत्या. "दाखला घेऊन गेली की कवाच. पुण्याकडं."

राजपालला वाटलं, त्या दुसऱ्या कुणाबद्दल बोलताहेत. त्याने मशीनवर रजिस्टर उघडलं. नाव, बापाचं नाव, गाव मंठाळ. जन्मतारीख नऊ जून एकोणीसशे एक्याण्णव. त्याने हॉल तिकीट पडद्याच्या शेजारी धरलं. तिकिटावर नऊ जून चौऱ्याण्णव. तिकिटाचे फॉर्म नोव्हेंबरात गेले होते. म्हणजे नोव्हेंबरात पोरगी पंधरा वर्षांची होती आणि डिसेंबरात अठराची.

पहिली गोष्ट त्याच्या मनात आली ती रूपाची नव्हती. पासवर्ड फुटला, ही होती.

"अक्का, पासवर्ड कुणाला दिलात?"

"मला ठावंच न्हाई तर देऊ काय?"

"मग रजिस्टरात हात कुणी घातला?"

"त्या मशीनलाच इचारा की. ती तुमचंच ऐकती."

मशीन एक रोजनामा ठेवते. कुणी, किती वाजता, कशासाठी पासवर्ड घातला, सगळं ओळीने. हा रोजनामा राजपालने आजवर कधी उघडला नव्हता. ज्याच्याजवळ किल्ली आहे त्याने आपलीच पावलं कशाला मोजावीत? आता त्याने तो उघडला आणि डिसेंबरपर्यंत खाली गेला. पंधरा तारीख. अकरा चाळीस, राजपाल, प्रिंटर. अकरा त्रेचाळीस, राजपाल, रजिस्टर.

त्याने वर-खाली बघितलं. पान भरून राजपालच होता.

"तुमीच घातलाव सर," जगदेवीअक्का हळू आवाजात म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती, तेच वाईट होतं. "रेवणप्पा वकिलाचा कागद घेऊन आलता. वय चुकीचं लिवलंय, दुरुस्त करा म्हणून. मी तारीख टाकून ठिवली आन् तुमाला सांगितलं, सर, रेवणप्पाच्या पोरीचं वय बदलायचंय, बगा तेवढं. तुमी म्हणलाव, तोंड फिरवा."

"मी बघितलं नाही."

"मग?"

"तुम्ही तरी बघायचं अक्का. पोरगी आपल्या डोळ्यापुढची. अठराची दिसती का?"

"तुमी आमाला भिंत दावलाव. आमी भिंत बगितली." त्यांनी टाचण्यांची डबी मिटली. "बगायचं काम तुमचं हुतं. आमाला कुठं परवानगी हाय?"

अमृतप्पा सरांनी सगळं ऐकून घेतलं. दाखल्यावर सही त्यांची होती. त्यांनी ती नाकारली नाही.

"मी अक्काला इचारलो, पासवर्ड पडलाय का? ती म्हणाली, पडलाय. मग मी काय बगू? राजपालच्या हातून गेलेला कागद म्हटल्यावर मी डोळे झाकून सही करायलोय दोन वर्षं."

"आपण तक्रार करू सर. खोटं वय लावून पोरगी नेली म्हणून."

"कर. मशीनमधी नाव कुणाचं हाय?"

राजपालने टेबलावरचं हॉल तिकीट उचललं.

"माझं ऐक," अमृतप्पा सरांचा आवाज खाली आला. "हॉल तिकीट हातात हाय. परीक्षेला अजून दिवस हायत. पोरीला घेऊन ये. दाखला फाडून टाकतो, तारीख जागेवर आणू, कुणाला कळायचं न्हाई. पोरगी पेपराला बसली की सगळं मिटलं. तिचंबी, तुझंबी."

तुझंबी हा शब्द राजपालला लागला. पण खोटा नव्हता.

ढाब्यांच्या मागची वाट टायरांच्या ढिगांमधून जाते. दुपार होती आणि पत्रे तापून कडकड वाजत होते. रेवणप्पाच्या दारात एक शेळी आणि तिचं करडू बांधलेलं होतं. रूपाची आई मल्लम्मा बाहेर भांडी घासत बसली होती. सर आले म्हटल्यावर तिने राखेचे हात धुतले, पदराला पुसले, आतून पोतं आणून अंथरलं आणि गुळाचा खडा आणि पाणी दिलं.

"रेवणप्पा?"

"लॉरीवर गेलेत. बसा की सर. तुमचे पाय लागले घराला."

"रूपा कुठं हाय मल्लम्मा?"

"पुण्याच्या पलीकडं. कारखाना हाय, पंख्याचे भाग करत्यात. बारा पोरी हायत एका खोलीत. आपल्याकडल्याच हायत, भालकीच्या दोन, बसवकल्याणच्या तीन." ती बोटांवर मोजून सांगत होती, जणू पोरी अंगणातच बसल्यात. "ठेकेदार म्हणला अठरा लागत्यात कागदावर. तुमच्यामुळं झालं बगा. न्हाईतर आमाला कोण दिलं असतं?"

राजपालने पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"तिची परीक्षा हाय. वीस-बावीस दिवसांत. तिला बोलावून घ्या."

"आता कुठली येती? नागपंचमीलाच सोडतो म्हणलाय त्यो."

"परीक्षेपुरतं. मी जातो आणायला. पत्ता द्या."

पत्ता कुणाजवळ नव्हता. ठेकेदाराचा नंबर होता, पत्र्यावर कोळशाने लिहिलेला. राजपालने आपल्या मोबाईलवरून लावला. पहिल्यांदा वाजून वाजून थांबला. दुसऱ्यांदा कुणीतरी उचलला, मागे मशीनांचा आवाज होता, राजपालने "रूपा" एवढंच म्हटलं आणि तिकडून तोडला. तिसऱ्यांदा बंद लागला.

"पोरींच्या हातात देत न्हाई फोन," मल्लम्मा म्हणाली. "ऐतवारी एकदा देतोय, पाच मिनिटं. गेल्या ऐतवारी दिला न्हाई."

"कागद कुणापाशी हाय? दाखला?"

"त्यानंच ठिवून घेतलाय. सगळ्या पोरींचे हायत त्याच्यापाशी."

दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. शाळेच्याच निळ्या परकरात. राजपालने तिला पाहिलं होतं, मागच्या बाकावर, नववीत. रूपाची धाकटी बहीण. ती करडाच्या गळ्यातली दोरी सोडवल्यासारखं करत त्यांचं बोलणं ऐकत होती.

मल्लम्माने तिच्याकडे बघितलं आणि आवाज जरा खाली घेतला. मागणं मागताना माणसं घेतात तसा.

"सर, एक काम हुतं. लई दिवस म्हणत हुते यावं शाळंत. पुढल्या साली हिचंबी तेवढं करून द्या. दोघी बहिणी एका जागी ऱ्हातील. मलाबी घोर न्हाई."

"न्हाई."

शब्द फार मोठ्याने आला. शेळीने कान टवकारले. धाकटीचा हात दोरीवरच थांबला.

मल्लम्माला राग आला नाही. ती हसली, ओळखीच्या माणसाची खोड ओळखल्यासारखी.

"रूपाबी असंच म्हणली हुती बगा. बापाला म्हणली, चला तुमी, वाटंल तितकं चला. आमचे सर न्हाईच म्हणत्याल. ते हेडसरांलाबी मशीन उघडून देत न्हाईत. म्हणून तर निघाली संगं. न्हाईतर कोपऱ्यात बसून हुती दोन दिवस, जेवली न्हाई."

"संगं?" राजपाल म्हणाला. "शाळेत आली होती ती? त्या दिवशी?"

"बापासंगंच की. तुमच्या हापिसात हुती उभी. तुमी सगळ्यांला म्हणलाव तोंड फिरवा, तिनंबी फिरवलं."

राजपालने त्या दिवशीच्या माना आठवायचा प्रयत्न केला. माना तर तो मोजून बघायचा. फेटा आठवला. डोक्यावरचा पदर आठवला. त्याला बसची वेळ आठवली, खिडकीची जागा आठवली, आईने वाढलेलं आंबील आठवलं.

"मग?"

"मग काय. घरी आली ती गपगार. मी म्हणलं, काय झालं ग, न्हाई म्हणले काय सर? तर म्हणली, न्हाई ग आई, केलं त्यांनी." मल्लम्माने शेळीला हाताने मागं सारलं. "रात्री जेवली बगा मग. म्हणली, सरांनी बघून केलंय म्हंजी बरं असंल. तवापासून एक शब्द तोंडातून काढली न्हाई. आपल्या हातानं पेटी भरली."

हायवेवरून एक लॉरी खडखडत गेली. राजपालच्या हातात हॉल तिकीट होतं, घामाने त्याचा एक कोपरा मऊ पडला होता. मल्लम्माची नजर त्यावर गेली.

"रूपाच हाय की ही. कसला कागद हो सर?"

"परीक्षेचा."

"फोटू लई झ्याक आलाय. घरात एकबी न्हाई तिचा." तिने पदराला पुन्हा हात पुसले. "आता ह्येचं काम नसंल तुमाला, तर मी ठिवून घेऊ काय?"

त्याने कागद तिच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि उन्हात धरून लेकीचा चेहरा बघत राहिली.

धाकटी मागून आली. आईच्या खांद्यावरून वाकून वाचू लागली, एकेक अक्षर लावत, ओठ हलवत. नाव वाचलं. शाळेचं नाव वाचलं. मग तिचं बोट एका जागी थांबलं.

"सर, ह्यात अक्काची जन्मतारीख चुकलीय."

"न्हाई," राजपाल म्हणाला. "तीच बरोबर हाय."

"पण दाखल्यावर येगळी हाय की. मी वाचले हुते."

तिने कागदावरचं बोट उचललं नाही. मान वर करून ती त्याच्याकडे बघत राहिली. दोन्हींतली खरी कुठली, ते सर सांगतील म्हणून.